नाशिकहून मुंबईत रात्रीसाठी जाणाऱ्या समलिंगी मित्रमैत्रिणींसाठी

नाशिक, सिन्नर, ओझर, निफाड या भागांतील समलिंगी मुले-मुली ओळख वाढली की मला एक प्रश्न हमखास विचारतात, तो म्हणजे मुंबईतला गे बार नेमका कुठे आहे. प्रश्न साधा आहे, परंतु त्याचे उत्तर एका पत्त्यात देता येत नाही. दारावर इंद्रधनुषी झेंडा लावून आठवड्याचे सातही दिवस केवळ आपल्यासाठी चालणारा बार ही पद्धत मुंबईत रुजलेली नाही. तिथे आपल्या लोकांच्या रात्री असतात आणि त्या वेगवेगळ्या जागी भरतात. एखाद्या गटाने अंधेरी, खार, वांद्रे किंवा लोअर परळमधल्या बारमालकाशी बोलणी करायची, एक शनिवार ठरवायचा, डीजे बोलवायचा, लोकांना कळवायचे आणि पुढच्या खेपेला कदाचित दुसऱ्याच बारमध्ये जायचे, असा हा क्रम वर्षानुवर्षे चालत आला आहे. त्यामुळे जुना पत्ता घेऊन निघालेल्या माणसाला तिथे आपले असे कुणीच न भेटण्याची शक्यता मोठी असते. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की मुंबईची रात्र अनुभवायची असेल तर जागा शोधण्याआधी माणसे शोधावीत.

ही फिरती पद्धत मुख्यतः कायद्याच्या भीतीतून आली. आम्ही तरुण होतो तेव्हा कुलाब्यातल्या व्हूडू या पबचे नाव नाशिकपर्यंत येऊन पोहोचले होते. शनिवारी रात्री तिथे आपली माणसे जमत, हे तोंडोतोंडी कळे आणि नाशिक रोडहून मुंबईला जाणाऱ्या कुणाकुणाच्या मनात त्या एका नावाने किती दिवस घर केलेले असे. तो पब पुढे बंद झाला. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना वगळले, तेव्हा वातावरण मोकळे झाले, पण ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि आम्ही सारे पुन्हा गुन्हेगार ठरलो. त्या काळात पार्ट्या थांबल्या नाहीत, मात्र पत्ता उशिरा कळायचा आणि तोही ओळखीच्या माणसाकडूनच. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने ही टांगती तलवार दूर केली. तो गुरुवार होता. त्यानंतरच्या शनिवारी मुंबईत नाचायला मिळावे म्हणून निघालेली, एरवी एकमेकांना ओळखही न देणारी नाशिकची माणसे मी एकाच बसमध्ये बसलेली पाहिली आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर असे कलमच नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात लग्नाचा हक्क मात्र मिळाला नाही, ही खंत मनात आहेच. तरीही बारमध्ये एकमेकांचा हात धरून बसणे हा गुन्हा नाही, एवढे आज प्रत्येकाने निःशंक मनाने जाणावे.

माणसे शोधायची म्हणजे काय करायचे, तर पहिली खेप पार्टीसाठी करूच नये. मुंबईत हमसफर ट्रस्ट ही संस्था १९९४ पासून काम करते. अशोक राव कवी यांनी ती उभी केली आणि त्याआधी १९९० मध्ये त्यांनी बॉम्बे दोस्त हे नियतकालिकही काढले होते. गे बॉम्बे हा गट १९९८ पासूनचा आहे आणि त्याच्या पार्ट्यांइतक्याच त्याच्या दिवसाच्या गप्पांच्या बैठकाही जुन्या मंडळींना जिव्हाळ्याच्या वाटतात. अशा बैठकीत कुणी तुम्हाला नाव-गाव विचारून भंडावत नाही, पाणी-चहा पुढे होतो, आणि चार तास बसल्यावर येत्या महिन्यात काय काय आहे हे आपोआप कळते. २०१० पासून भरणारा कशिश हा चित्रपट महोत्सव ही तर नवख्या माणसासाठी मला सर्वांत उत्तम संध्याकाळ वाटते. अनेक वर्षे तो मरीन लाइन्सच्या लिबर्टी चित्रपटगृहात भरत असे. अंधारात बसून चित्रपट पाहायचा, मध्यंतरात बाहेर येऊन आजूबाजूच्या दोनशे-तीनशे माणसांकडे नुसते पाहायचे, त्यात आजीच्या वयाच्या बायका आहेत, मुलाला सोबत करायला आलेले वडील आहेत, हे डोळ्यांनी बघायचे, यात न बोलताही पुष्कळ मिळते. त्या संध्याकाळी ज्यांच्याशी दोन वाक्ये बोलणे झाले, त्यांच्याच सोबतीने पुढे रात्रीच्या पार्टीला जावे. एकट्याने अनोळखी बारच्या दारात उभे राहण्याचे जे दडपण असते, ते ओळखीचा एक चेहरा बरोबर असला की निम्म्याहून कमी होते.

आता त्या दाराविषयी सविस्तर सांगतो, कारण नाशिकहून आलेली मुले तिथेच अडखळतात. मुंबईतले पुष्कळ बार एरवी एकट्या पुरुषाला, त्यांच्या भाषेत स्टॅगला, आत घेत नाहीत. आपल्या रात्री हा नियम नसतो आणि चार पुरुष एकत्र आले म्हणून कुणी भुवई उंचावत नाही. दारावर ओळखपत्र मात्र मागतात. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१ वर्षे, तर इतर मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि दारावरचा माणूस जन्मतारीख पाहूनच सोडतो. आपले नाव कुठे लिहून ठेवतील या भीतीने काही जण ओळखपत्र घरी ठेवून येतात आणि एवढ्या लांबून येऊन बाहेरच राहतात. तसे करू नये. जपायचे असेल तर पैशांचे जपावे. प्रवेशशुल्क यूपीआयने भरले की समोरच्याचे नाव बँकेच्या उताऱ्यावर उमटते, आणि ज्यांचे खाते वडिलांबरोबर संयुक्त आहे त्यांच्या घरी रविवारी त्यावरून चौकशी होऊ शकते. अशांनी रोख रक्कम जवळ ठेवावी. प्रवेशशुल्कातला काही भाग आत खाण्यापिण्यात वळता होतो की नाही, हे आधीच विचारून घ्यावे. प्रवास, प्रवेश, दोन पेये आणि रात्रीची टॅक्सी मिळून दोन-तीन हजार रुपये सहज जातात, आणि नोकरी नुकतीच लागलेल्या मुलासाठी ही रक्कम लहान नसते. न पिणाऱ्यांवर पिण्याची सक्ती नसते, लिंबूसरबत घेऊन रात्रभर नाचणारे माझे कितीतरी मित्र आहेत.

आत सोडताना मनगटावर शिक्का मारतात. देवळालीचा एक मुलगा पहिल्यांदा आला तेव्हा त्या जांभळ्या शिक्क्याकडे असा पाहत राहिला की जणू तो कायमचाच राहणार आहे. सकाळी लॉजच्या बेसिनपाशी साबणाने तो निघेना, तेव्हा कुणीतरी खोबरेल तेलाची पुडी आणली, तेल चोळून रुमालाने पुसल्यावर मनगट स्वच्छ झाले आणि मगच त्याने घरी निघतो म्हणून फोन केला. आता नाशिकची बरीच मुले बॅगेत तेलाची पुडी ठेवतात. डोळ्यांतले काजळ काढायलाही ते चालते.

आत काय असते, तर बहुतेक वेळा हिंदी चित्रपटांची गाणी असतात आणि ती फार मोठ्या आवाजात असतात. पहिला तास लोक भिंतीला टेकून उभे असतात. मग श्रीदेवी किंवा माधुरीचे जुने गाणे लागते आणि मधली जागा भरून जाते, कारण त्या गाण्यांवर घराच्या बंद दाराआड, आरशासमोर नाचलेला नाही असा मुलगा त्या गर्दीत विरळाच. एकदा रात्री उशिरा डीजेने लावणी लावली. कोपऱ्यात इस्त्रीचा शर्ट खोचून उभे असलेले, पन्नाशीचे, बँकेतल्या नोकरीचा थकवा चेहऱ्यावर असलेले एक गृहस्थ तोवर कुणाशी बोललेही नव्हते. ढोलकीचा पहिला ठेका पडताच त्यांनी खिशातून पांढरा रुमाल काढला, त्याची दोन टोके पदर धरावा तशी बोटांत धरली आणि अशी काही गिरकी घेतली, की सभोवतालची मुले आपोआप मागे सरून गोलाकार उभी राहिली. गाणे संपल्यावर त्यांनी रुमालाची घडी करून तो पुन्हा खिशात ठेवला. अशी माणसे पाहायला मिळावीत म्हणून मी आजही जातो. नाच्याची परंपरा असलेल्या आणि बालगंधर्वांना शालू नेसलेले पाहून भारावणाऱ्या महाराष्ट्रात ड्रॅग, म्हणजे पुरुषाने स्त्रीवेश किंवा स्त्रीने पुरुषवेश करून रंगमंचावर उतरण्याची कला, बाहेरून आली असे मला तरी कधी वाटले नाही. ललित हॉटेलांतील किट्टी सू या नाइटक्लबने गेल्या दशकात ड्रॅग कलावंतांना मोठा मंच दिला. त्या हॉटेलसमूहाचे केशव सुरी हे स्वतः कलम ३७७ विरुद्धच्या याचिकाकर्त्यांपैकी एक होते, हेही आवर्जून सांगण्यासारखे आहे.

आतला एक नियम मात्र कुणी न सांगता पाळावा. तिथे दुसऱ्याचा फोटो काढू नये, आणि आपण काढलेल्या फोटोत मागे कुणी दिसत असेल तर तो कुठेही टाकू नये. नाचणाऱ्या माणसाच्या घरी, कार्यालयात, सासरी काय ठाऊक आहे याची आपल्याला कल्पना नसते. नाशिकसारख्या शहरात, जिथे कॉलेज रोडवरची दोन माणसे तिसऱ्या माणसाला हटकून ओळखतात, तिथे एका फोटोने एखाद्याचे घर मोडू शकते.

स्त्रियांविषयी लिहायचे तर मन जड होते. लेस्बियन मैत्रिणींसाठीच्या रात्री पुरुषांच्या तुलनेत फारच थोड्या आहेत. याची कारणे मला अशी दिसतात, की मुलींच्या हाती खर्चायला पैसा कमी असतो, रात्री घराबाहेर राहण्याची परवानगी मिळवणे हीच मोठी लढाई असते, आणि बारमालकाला स्त्रियांच्या गर्दीतून पुरेशी कमाई होईल असा भरवसा वाटत नाही. म्हणून त्यांचे जग घरगुती मेळाव्यांत, सहलींत, कवितावाचनाच्या संध्याकाळींत अधिक फुलले आहे. १९९५ मध्ये स्त्री संगम या नावाने सुरू झालेला लेबिया हा स्त्रीवादी गट, हमसफर ट्रस्टशी जोडलेला उमंग हा गट आणि २००८ पासून लिहिते-बोलते व्यासपीठ देणारी गेसी फॅमिली, ही नावे प्रत्येक मैत्रिणीला ठाऊक असावीत. माझी एक मैत्रीण नाशिकमध्ये परिचारिका आहे. तिने आपल्या सखीबरोबरची पहिली मुंबईवारी अशाच एका दुपारच्या मेळाव्यासाठी केली. तिथे वीस-पंचवीस जणी जमिनीवर गोल करून बसल्या होत्या, कुणी डब्यातून थालीपीठ आणले होते, आणि गप्पा घराच्या कर्जापासून आईच्या आजारपणापर्यंत सगळ्या होत्या. बारमध्ये गेलो असतो तर आपण तासाभरात निघून आलो असतो, असे ती म्हणते. रात्री उशिरा लोकलने परतायचे असेल तर महिलांच्या डब्यात पोलीस असतो, तोच डबा धरावा. ट्रान्स मैत्रिणींना तर सर्वसाधारण बारच्या दारावरच अडवले जाते. आमच्यातल्या एकीला पेहरावाचे निमित्त सांगून परत पाठवले, तेव्हा आम्ही सगळेच तिच्याबरोबर बाहेर पडलो. आपल्या मंडळींनी ठेवलेल्या पार्टीला जातानाही ट्रान्स व्यक्तींचे स्वागत आहे ना, हे आयोजकांना आधी स्पष्ट विचारावे, कारण आपल्याच लोकांतही याबाबत पुरेशी समज सगळीकडे आलेली नाही.

मुंबईत उतरल्यावर ग्राइंडरसारखे जवळपासच्या समलिंगी पुरुषांची ओळख करून देणारे ॲप उघडले, की नाशिकमध्ये किलोमीटरभरात मोजके चेहरे दिसणाऱ्या माणसाला एकदम दोनशे फुटांवरचे डझनभर चेहरे दिसतात आणि तो हरखून जातो. पहिला संदेश बहुधा ‘प्लेस?’, म्हणजे भेटायला जागा आहे का, एवढाच असतो. इथे मला कळकळीने सांगायचे आहे, की पार्टीतून थेट अनोळखी माणसाच्या घरी जाऊ नये. ॲपवरून बोलावून घ्यायचे, खोलीत आणखी दोघे-तिघे दडवून ठेवायचे, व्हिडिओ काढून धमकावायचे आणि फोनवरून पैसे वळते करायला लावायचे, हे प्रकार घडतात आणि लाजेपोटी त्यांची तक्रार होत नाही. आधी व्हिडिओ कॉल करावा, स्टेशनजवळच्या एखाद्या उडप्याकडे बसून कॉफी घ्यावी, आणि मित्राला आपले ठिकाण पाठवून ठेवावे. ‘हाय फन’ असे शब्द लिहिलेले असतील तर तिथे अमली पदार्थ आहेत असे समजून दूरच राहावे. तरीही प्रसंग ओढवलाच, तर तातडीसाठी ११२ आणि पैसे गेले असल्यास १९३० हे क्रमांक आहेत. धमकावून पैसे उकळणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खालचा गुन्हा आहे, आणि झिरो एफआयआर कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येत असल्यामुळे घटना मुंबईत घडली तरी तक्रार नाशिकमध्येही देता येते. सोबत हमसफरसारख्या संस्थेचा माणूस असेल तर ठाण्यातले बोलणे सोपे जाते. आता तुम्ही कायद्याच्या दृष्टीने केवळ फिर्यादी आहात, २०१८ पूर्वी आम्हाला ही सोय नव्हती.

राहण्याची व्यवस्था आधी करावी. मुंबईतली काही लॉज मुंबईचाच पत्ता असलेल्या पाहुण्यांना खोली देत नाहीत, आणि इथे नाशिकचा पत्ता असलेले आधार कार्ड आपल्या उपयोगी पडते. दोन प्रौढ पुरुषांनी किंवा दोन प्रौढ स्त्रियांनी एकत्र खोली घेण्याला कायद्याची कोणतीही आडकाठी नाही. शक्यतो पार्टीच्या ठिकाणाजवळ राहावे, कारण बार साधारण दीडच्या सुमारास बंद होतात आणि त्यानंतर पहिली लोकल पहाटे चारनंतरच मिळते. मधल्या वेळात स्टेशनवर किंवा मरीन ड्राइव्हवर बसून काढायचा विचार करू नये.

जाण्यासाठी शिर्डीहून येणारी वंदे भारत सोयीची आहे. ती संध्याकाळी साडेसातच्या सुमारास नाशिक रोडला येते आणि ठाणे, दादर करत अकराच्या आत मुंबईत पोहोचवते, मात्र मंगळवारी नसते. अंधेरी-वांद्र्याला जायचे असेल तर दादरला उतरावे. परतताना सकाळी सव्वासहाच्या सुमारास मुंबईहून सुटणारी तपोवन एक्सप्रेस साडेनऊ-दहाला नाशिक रोडला आणते. झोप पुरी करायची असेल तर संध्याकाळी सव्वासहाची पंचवटी आहे. वेळा बदलत असतात, म्हणून निघण्याआधी पडताळून घ्याव्यात. रात्रीतून स्वतः गाडी चालवत कसारा घाटातून परत येण्याचा हट्ट मात्र धरू नये, पिऊन तर नाहीच.

तब्येतीची गोष्ट थोडक्यात पण ठामपणे सांगतो. निरोध आपल्याजवळ असावा, समोरच्याकडे असेल असे गृहीत धरू नये. असुरक्षित संबंध आला असे वाटल्यास एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी पीईपी या औषधांचा २८ दिवसांचा क्रम असतो, आणि तो ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर होईल तितक्या लवकर सुरू करावा लागतो. म्हणजे शनिवारच्या रात्रीचा प्रश्न फार तर मंगळवारपर्यंत डॉक्टरांपुढे गेलाच पाहिजे, पुढच्या सुट्टीची वाट पाहता येत नाही. नियमित जाणाऱ्यांनी लागण टाळण्यासाठी आधीपासून घेण्याच्या प्रेप या गोळ्यांविषयी डॉक्टरांशी बोलावे. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातील आयसीटीसी या समुपदेशन व तपासणी केंद्रात एचआयव्ही तपासणी मोफत होते, ती गोपनीय ठेवणे २०१७ च्या एचआयव्ही-एड्सविषयक कायद्याने बंधनकारक आहे, आणि १०९७ या क्रमांकावर माहिती विनाशुल्क मिळते.

हे सगळे लिहिताना एक गोष्ट मनात येते, की आपण ज्या दिवशी मुंबईला निघतो त्याच शनिवारी मुंबईची समलिंगी जोडपी गंगापूर धरणाकडच्या द्राक्षमळ्यांत आणि वायनरींत विसावायला नाशिकला येत असतात. संध्याकाळी धरणावर ऊन उतरत असताना त्यांना निवांत एकमेकांच्या खांद्यावर डोके टेकवून बसलेले मी पाहिले आहे. त्यांना इथे कुणी ओळखत नाही आणि आपल्याला तिथे कुणी ओळखत नाही, म्हणून दोघांनाही मोकळेपण मिळते. आपल्या गावात आपल्याला तसे बसता यावे, ही माझी मनापासूनची इच्छा आहे, आणि त्यासाठी गंगापूर रोडवरच्या एखाद्या कॅफेत महिन्यातून एकदा दुपारी जमायला काहीच हरकत नाही. मुंबईचे गट असेच चार-पाच माणसांपासून सुरू झाले होते.

ज्यांना मुंबईचा आवाका झेपत नाही, किंवा तिथे नातेवाईक जागोजागी आहेत म्हणून धास्ती वाटते, त्यांनी पुण्याचा विचार करावा. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये स्थापन केलेल्या समपथिक ट्रस्टमुळे तिथे मराठीतून मोकळेपणाने बोलण्याची पायवाट तयार झाली आणि २०११ मध्ये पुण्यात पहिली अभिमान पदयात्रा निघाली. ती दिवसाउजेडी निघते, इंग्रजी येत नाही म्हणून तिथे कुणी बुजत नाही, आणि संपल्यावर लोक घोळक्याने जेवायला जातात. नाशिकहून सकाळची एसटी धरली तर दुपारच्या आत पोहोचता येते आणि त्याच रात्री घरी परतताही येते.